थांबवलेली गाडी

लोहारा
२१ मे २०२५

राजशेखर,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. शाळेला सुट्टी आहे. मेल पाठवता यावी म्हणून आमचे शिपाई बिभीषणमामांनी ऑफिस उघडून दिलं आणि ते बाहेर पाण्याची टाकी धूत बसले आहेत. तीन वर्षांनी लिहिते आहे, तरी तुझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. बरी असेल असं धरून चालते.

शंभुलिंग तुरुंगात आहे.

कोण शंभुलिंग, असं तू विचारणार नाहीस. माकणीच्या शाळेत सातवीपर्यंत तो तुझ्या बाकावर होता. धरणाच्या पाण्यात तुला पोहायला त्यानंच शिकवलं, आणि आपल्या अप्पांनी काठी उचलली तेव्हा "मीच नेलं होतं" म्हणून तो पुढं येऊन उभा राहिला. ज्या शहरात तू आपल्या वकिलातीत राजदूतांच्या खालोखाल आहेस, त्याच शहरात तो चार वर्षं एका बांधकाम कंपनीची बस चालवत होता. मजुरांना खोल्यांवरून कामावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. तुम्ही एकदाही भेटला नाहीत. त्याची बायको जगदेवी म्हणाली, "मीच म्हणायची, जाऊन भेटा की तुमच्या दोस्ताला. तर म्हणायचे, त्यो मोठ्या जागी हाय, माझ्यामुळं त्येला उगं अवघडल्यागत व्हईल."

झालं ते असं. जगदेवीला हे त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं फोनवर सांगितलं. परांडा तालुक्यातल्या सोनारीचा सिद्धाराम नावाचा एक तरणा गडी त्याच साइटवर लोखंड बांधायचा. भर दुपारी स्लॅबवर चक्कर येऊन पडला. शंभुलिंगनं त्याला बसच्या मधल्या वाटेत आडवं निजवलं आणि गाडी दवाखान्याकडं काढली. सिद्धाराम वाटेतच गेला. उन्हाळ्यात दुपारचं उघड्यावरचं काम बंद ठेवायचा कायदा त्या देशात आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. पण तो कायदा जूनच्या मध्यावर लागू होतो, आणि ऊन मे महिन्यातच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीची माणसं बसमध्ये बसली. शंभुलिंगनं गाडी एका पुलाच्या सावलीत लावली, किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "ऊन उतरलं की निघू." कुणी खाली उतरलं नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. थोड्या वेळानं पोलीस आले. तिथं संप हा गुन्हा आहे, आणि माणसं भरलेली थांबलेली बस म्हणजे संपच, असं त्यांचं म्हणणं आहे. असं का केलंस म्हणून विचारल्यावर त्यानं सांगितलं म्हणे, आमच्याकडं या दिवसांत ऊन चढलं की बैलसुद्धा सोडतात.

मी तुझ्याकडं उपकार मागत नाही. आपल्या देशाच्या माणसाला तुरुंगात जाऊन भेटणं हे तुझं काम आहे. ते कर.

भुवनेश्वरी


लोहारा
२६ मे

राजशेखर,

तुझं उत्तर आलं. "प्रकरण योग्य पातळीवर हाताळले जात आहे. कुटुंबीयांनी माध्यमांशी बोलू नये." मी त्याच्या कुटुंबातली नाही आणि तू मला इतका परका नाहीस. हे वाक्य तू नक्की कुणाला लिहिलंस ते कळलं नाही.

त्याच्याखाली मात्र तुझ्या स्वतःच्या ओळी आहेत. तू त्याला भेटून आलास. त्यानं अन्न सोडलंय. तुरुंगाचे अधिकारी म्हणतात, हा आत येऊनही उपोषण करतो आहे, म्हणजे मुळातच पुढारी आहे. त्यामुळं संपाच्या आरोपाला बळ येतंय. तेव्हा बायकोनं निरोप द्यावा आणि त्याला चार घास खायला लावावेत.

मी माकणीला जाऊन हे जगदेवीला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत बसली होती. तिला आधी काही समजलंच नाही.

"उपोषण?" ती म्हणाली. "ते कशाला उपोषण करत्याल? घरात जेवाया उशीर झाला तर ते ताटली वाजवत्यात. त्येंच्या गळ्यात लिंग हाय का बगा म्हणावं आधी."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. राजू, आपण दोघं ज्या घरात वाढलो तिथं अप्पांनी लिंगपूजेआधी कधी घास तोंडात घातला का? ताप असू दे, लग्नघर असू दे, डाव्या तळहातावर लिंग घेतल्याशिवाय त्यांचं ताट वाढलं जायचं नाही. तुरुंगात आत घेताना गळ्यातलं सगळं काढून घेतात. त्याची लिंगाची चांदीची डबीही गेली असणार. त्यानं सांगितलंही असेल, ते मला द्या, मग जेवतो. आणि तुमच्या कागदात ती कैद्याची मागणी झाली. तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं नाही, यात नवल नाही. तू काचेच्या पलीकडून त्याच्याशी बोलून आलास आणि तुझ्याही ध्यानात आलं नाही.

तुझ्या गळ्यातलं तू कधी काढून ठेवलंस, हे मी विचारत नाही.

तो पाण्यावर आहे. लवकर कर.

अक्का


लोहारा
४ जून

राजू,

परवा फोनवर मला नीट बोलता आलं नाही. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकला आणि तो अप्पांसारखा झाला आहे, त्यामुळं मी उगाच हवापाण्याचं बोलत राहिले.

तू सांगितलंस ते सगळं मी जगदेवीला सांगितलं. तुरुंगाच्या मुख्य अधिकाऱ्याकडं तू चहाला गेलास आणि खटल्याचा विषय काढलाच नाहीस. फक्त विचारलंस, रमजानात अजान ऐकल्याशिवाय तुम्ही रोजा सोडता का? तो म्हणाला, कसं सोडणार. तेव्हा तू म्हणालास, या माणसाची अजान त्या चांदीच्या डबीत आहे, आणि ती तुमच्या कपाटात आहे. अधिकाऱ्यानं स्वतः उठून कपाट उघडलं. त्या दिवशी शंभुलिंग जेवला. आणि आता तपासून बघून बाकीच्या कैद्यांच्याही वस्तू परत देताहेत, एका नेपाळ्याची माळ, एका केरळच्या माणसाचा क्रूस.

जगदेवी म्हणाली, "तुमचा भाऊ लई गोड बोलतो वाटतं."

मी म्हटलं, "त्याला पगारच त्याचा आहे."

"मग दरमहा देत ऱ्हावा म्हणावं," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी हसली.

हे सगळं सांगून झाल्यावर तू म्हणालास, "बघ, अक्का." त्या "बघ"चा अर्थ मला कळला. तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले, त्यांच्या शिवगणाराधनेच्या दिवशी पंगत बसली होती. त्याच्या आदल्या महिन्यात तू आधी ज्या देशात होतास तिथल्या सरकारनं स्वतःविरुद्ध लिहिणाऱ्यांना आत टाकलं होतं, आणि तू टीव्हीवर म्हणाला होतास, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. मी सगळ्या पाहुण्यांसमोर तुला विचारलं, तुझी नोकरी म्हणजे नुसतं हसायची का? तू म्हणालास, "तुला वाटतं ओरडल्यानं तुरुंगाची दारं उघडतात. मी चहा पिऊन माणसं बाहेर काढली आहेत. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, म्हणून तर ती बाहेर आहेत." आणि तू पानावरून उठलास.

 आज एवढं कबूल करते, की चहा चालतो. दोन्ही देशांची कामगारांविषयीची बैठक जुलैत आहे, त्यात दुपारच्या सावलीचा कायदा मे महिन्यापासूनच लागू करायचं बोलणं चाललं आहे, मागच्या बैठकीतून मजुरांचे पासपोर्ट मालकांनी ठेवून घेणं बंद झालं, हे सगळं तू सांगितलंस ते मी ऐकलं. तू म्हणालास, जगासमोर मान खाली घालायला लावली तर कुणी ऐकत नाही, त्यांना मान ताठ ठेवून ऐकता येईल अशी सोय करून द्यावी लागते. वाक्य चांगलं आहे. मी दोन दिवस त्याचा विचार करते आहे. माझ्या मनात एवढंच येतं, की त्यांच्या मानेची इतकी काळजी घेताना शंभुलिंगच्या मानेकडं कोण बघतंय?

लातूरच्या पेपरात आलेल्या बातमीचं तू विचारलंस. ती कशी गेली मला माहीत नाही. अख्ख्या माकणीला हे प्रकरण ठाऊक आहे.

अक्का


लोहारा
१९ जून

राजू,

ती बातमी मी दिली. शंभुलिंगचा लग्नातला फोटोही मीच दिला. मागच्या पत्रात लपवलं, कारण तुझ्याशी बोलून बरं वाटत होतं आणि ते इतक्या लवकर मोडायचं नव्हतं. बातमी दिल्याचं मला वाईट वाटत नाही. तू रागावलास ते ठीक. पण रागाच्या भरात तूच बोलून गेलास, की बातमी तिकडं पोचली आणि फाइल खालच्या कारकुनाकडून वर मंत्रालयात गेली. मग घाईनं विषय बदललास.

आता तिथल्या सरकारच्या त्या माफीच्या कागदाचं. तू वाचून दाखवलास तो मी उतरवून घेतला आहे. सिद्धाराम आधीपासून आजारी होता. त्याच्या मरणाचा उन्हाशी संबंध नाही. मी खोटं सांगून मजुरांना भडकवलं. मला पश्चात्ताप होतो. एवढ्यावर सही केली की शंभुलिंग आठवड्यात घरी. नाही केली तर खटला, आणि मग दोन वर्षं की तीन, सांगता येत नाही. शिवाय सही झाली तर त्यांची बाजू राखली जाते आणि बैठकीत सावलीचा कायदा ते खळखळ न करता मान्य करतील. "हजारो माणसांना सावली मिळते आहे, अक्का. एका सहीनं." हे तू म्हणालास तेव्हा तुझा आवाज थकलेला होता. तू हे मनापासून म्हणतोस, हे मला कळतं. आणि शेवटी म्हणालास, "जगदेवीला तयार कर. तिचं तो ऐकेल."

खरं सांगते, मलाही त्यानं सही करावी असंच वाटतं. जगदेवी हल्ली माझ्याशी बोलता बोलता मधेच रस्त्याकडं बघत राहते. मला तो माणूस घरी हवा आहे. कागदावर काय लिहिलंय ते उद्या कोण वाचणार, असं मी स्वतःला दोन दिवस समजावते आहे. समजत नाही.

अप्पा आठवतात. बैलबाजारात दोन माणसांच्या हातांवर रुमाल टाकून सौदा व्हायचा, आत बोटं धरून आकडा सांगायचा. बाहेरच्याला काही दिसायचं नाही. घेणाऱ्याची शोभा व्हायची नाही आणि देणाऱ्याचीही नाही. त्या कामासाठी अप्पांना मुरूमपासून निलंग्यापर्यंत बोलावणं यायचं. तू तो रुमाल थेट परदेशात घेऊन गेलास, आणि तू तो चांगला वापरतोस. पण अप्पा रुमाल उचलायच्या आधी काय करायचे? मागं वळून ज्याचा बैल असेल त्याच्या कानात आकडा सांगायचे. त्यानं मान हलवली तरच सौदा. एकदा एवढा चांगला भाव आला होता की सगळा बाजार बघत राहिला असता, आणि म्हातारा मालक म्हणाला, हे गिऱ्हाईक जनावराला मारतं, मला द्यायचा न्हाय. अप्पांनी निमूट हात काढून घेतला. तूही सोबत होतास. सौदा मोडला म्हणून त्या दिवशी आपल्याला भजी मिळाली नाहीत आणि तू घरापर्यंत रडत आलास.

सिद्धारामचं मरण सिद्धारामचं आहे. शंभुलिंगचा शब्द शंभुलिंगचा आहे. तुझा हात रुमालाखाली आहे आणि तू अजून मागं वळलेला नाहीस.

रविवारी मी माकणीला जाते. कागद आहे तसा वाचून दाखवीन, एकही ओळ गाळणार नाही. सही करावी असं माझं मत आहे, तेही सांगेन. पुढं ती दोघं ठरवतील.

अक्का


लोहारा
२३ जून

राजू,

काल तू तुरुंगातून फोनची सोय करून दिलीस, त्याबद्दल आभार. नुसता आवाजाचा फोन होता तरी जगदेवी नवं लुगडं नेसून बसली होती. फोन यायच्या आधीच मी तिला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी त्येंना सही करा म्हणून सांगते, बाई. बास झालं आता." मला हायसं वाटलं.

मग फोन आला. मी त्यालाही सगळा कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, "सही कर, शंभू, आणि ये."

तो हसला. "अक्का, तुमी शाळंत पोरास्नी ह्येच शिकवता व्हय?"

"ते राहू दे. तू आधी घरी ये, मग तुला शिकवते."

"राजू हाय का लाइनीवर?"

"नाही."

"मग त्येला सांगा, तू लई केलंस म्हणावं. डबी तू दिलीस तवा मला वाटलं, धरणात बुडत हुतो आन् कुणी तरी केस धरून वर काढलं. पर ह्ये न्हाय जमायचं." मग म्हणाला, "त्यो माझ्या गाडीत गेला, अक्का. आजारी कुठला? सकाळी माझ्या हातातली अर्धी रोटी वडून घेतली त्यानं. म्हणला, तुमी बसून गाडी हाणता, तुमाला कशाला यवढी? आजारी माणूस असली मस्करी करतो का?"

मी जगदेवीकडं बघितलं. ती फोनकडं बघत होती. मी तिला कोपरानं खुणावलं, आता बोल म्हणून.

"आवं," ती म्हणाली, "त्या सिद्धारामला आई हाय का?"

"हाय की. हरणाबाई. सोनारीला असती."

"मग ती कवा ना कवा आपल्या दारात यील. तुमी तर असाल, पर तिच्याम्होरं मी कसं बसू?"

तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला. 

"नका करू सही," ती म्हणाली. मग विचारलं, "जेवता का येळेवर?"

"जेवतो."

"मग ऱ्हावा तितंच." असं म्हणून तिनं तोंडात पदर कोंबला आणि उठून आत गेली.

राजू, मी तिला तयार करायला गेले होते. ती तयारही होती. तू मला विचारशील, मग मधे काय झालं? काही झालं नाही. तिनं सिद्धारामच्या आईचा विचार केला. तू, मी आणि तुझ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंची इतकी शिकलेली माणसं, आपल्यापैकी कुणीच तो केला नव्हता.

फोन ठेवण्याआधी शंभुलिंगनं सांगितलं, की तो सही करायला तयार आहे, पण त्याच्या स्वतःच्या कागदावर. तीन वाक्यं आहेत. मी ती त्याच्या तोंडची, एकही शब्द न बदलता देते.

मी गाडी थांबवली. आदल्या दिवशी सिद्धाराम उन्हानं गेला म्हणून थांबवली. परत असं झालं तर परत थांबवीन.

याचं मी काय करू, असं तू म्हणशील. त्यांच्या भाषेत कर आणि त्यांच्यासमोर ठेव. हा तुझ्याकडचा आकडा आहे. आतापर्यंत तू त्यांना फक्त त्यांनी काय द्यावं ते सांगत होतास. आता एक माणूस काय देणार नाही, तेही सांग.

आणि हे आधीच कळवते, म्हणजे कुणी दुसऱ्यानं सांगून तुला धक्का नको. पुढच्या सोमवारपासून आम्ही धाराशिवला जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसतो आहोत. जगदेवी आहे, माकणीच्या बायका आहेत, आमच्या शाळेतल्या दोघी आहेत. हरणाबाईला मी काल फोन केला. त्या पोराचं मरण आजारानं झालं असं लिहून मागताहेत, हे ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "कुठं बसायचं ते सांगा." लातूरचा पेपर येणार आहे आणि पुण्याचे दोन. "सिद्धाराम आजारी होता" हे वाक्य त्या कागदातून निघेपर्यंत आम्ही उठणार नाही.

यानं तुझ्या नोकरीवर काही यायला नको असं मला फार वाटतं. वाटतं, तरी बसणार.

तू त्या खोलीत खुशाल सांग, की बसणाऱ्यांत माझी सख्खी बहीण आहे. मी तिला गप्प राहायला दोनदा समजावून पाहिलं, ती ऐकत नाही, आणि ती ऐकेल अशी काही चिन्हं नाहीत. यातलं एक अक्षर खोटं नाही. तुझ्या खात्यात या सगळ्याला मानवी हक्कांविषयी संवाद म्हणतात, असं तू मागं सांगितलं होतंस. संवाद करायला तू आत बस. ज्यांच्या हक्कांचा संवाद आहे त्या बायका बाहेर बसताहेत, एवढं त्यांच्या कानावर असू दे.

अक्का


लोहारा
२८ जुलै

राजू,

शंभुलिंग शुक्रवारी आला. मी आणि जगदेवी जीप करून हैदराबादला गेलो होतो. तो इतका वाळला आहे की पहिल्यांदा आमच्या समोरून निघून गेला तरी ओळखला नाही. जगदेवीनंच हाक मारली. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली आणि कुणालाच पुढं काय करायचं ते सुचेना. मग तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. झहीराबाद सोडेपर्यंत तो आमच्या जीपवाल्याच्या पायांकडं बघत होता. शेवटी म्हणाला, "दादा, क्लचवरचा पाय काढा की, जळाया लागलाय." तेव्हा मला वाटलं, आता हा खरंच आला.

तू फोनवर सगळं सांगितलंस आणि मी त्याबद्दल तुझं ऋण मानते. मुद्दाम लिहिते आहे, कारण तोंडानं मी हे कधी बोलणार नाही. ते खोटं वाक्य तू कागदातून काढायला लावलंस. त्यांनी शंभुलिंगच्या तीन वाक्यांपैकी पहिलं तेवढं घेतलं, मी गाडी थांबवली. कारण लिहायला ते तयार झाले नाहीत. म्हणून दुसरं आणि तिसरं तू बैठकीत तोंडी सांगितलंस, त्यांची नोंद झाली नाही. सावलीचा कायदा पुढच्या वर्षी मे महिन्यापासून लागू होईल असं त्यांनी मान्य केलं. शंभुलिंगला त्या देशात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही. तुला वरून समज मिळाली, हे तू मला सांगितलं नाहीस. ते शिवलीलाकडून कळलं. तुझी बायको माझ्यासारखीच आहे, तिला गप्प बसवत नाही.

पेपरांत आलं, की दोन्ही देशांतल्या सौहार्दपूर्ण चर्चेला यश. त्यात कचेरीसमोर बसलेल्या बायका नाहीत, पुलाखाली थांबलेली बस नाही. मला राग आला. मग वाटलं, तुझंही नाव त्यात नाही.

इथपर्यंतच लिहून पत्र पाठवणार होते. काल हरणाबाई माकणीला आली.

सोनारीहून एसट्या बदलत बदलत आली. शंभुलिंगला बघायला आले म्हणाली. जगदेवीनं तिला आत नेऊन बसवलं, आणि स्वतः तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, तोंड वर करून. शंभुलिंगनं सगळं सांगितलं. रोटी ओढून घेतल्यापासून बसच्या शेवटच्या वळणापर्यंत. ती मधे एकदाच बोलली.

"पाणी मागत हुता का?"

"व्हय. पाजलं की म्या. बाटली हुती माझ्यापाशी."

ती मान हलवत राहिली. मग विचारलं, "कागदात काय लिवलं मग शेवटी?"

"मी गाडी थांबवली, यवढंच."

"का थांबवली, ते?"

"त्ये राजूनं तोंडानं सांगितलं. तितल्या मोठ्या सायबांस्नी."

हरणाबाई माझ्याकडं वळली. "राजू म्हंजी तुमचा भाऊ ना, बाई?"

"हो."

"मग तितं त्यानं माझ्या लेकाचं नाव घेतलं का? का नुसतं एक मजूर मेला म्हणला?"

 तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा "दुसरं वाक्य तोंडी सांगितलं" एवढंच म्हणालास, आणि मी विचारलं नाही. एवढे दिवस कचेरीसमोर बसून, एवढी पत्रं लिहून, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"विचारा. मला काय घाई न्हाय. जगदेवी म्हणती, ऱ्हावा चार दिस. हाय मी हितंच."

ती अजून जगदेवीकडंच आहे. आज सकाळी मी गेले तेव्हा दोघी मिळून शेंगा फोडत होत्या. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त फोडायची थांबली.

राजू, तू काय बोललास ते मला माहीत नाही. अशा खोल्यांमधून कसं बोलतात ते मी थोडंफार शिकले आहे. एक दुर्दैवी घटना, एक भारतीय कामगार, असं म्हणून पुढं जाता येतं, आणि कुणाला खटकतही नाही. तू तसं केलं असशील तर मी तुला दोष देणार नाही. पण तिला खोटं सांगणार नाही.

घेतलं असशील तर एका ओळीत कळव. मी तिला वाचून दाखवीन. घेतलं नसशील, तर ती खोली अजून तिथंच आहे, माणसंही तीच आहेत, आणि पुढच्या महिन्यात तुला त्यांच्यासमोर बसायचंच आहे. सिद्धाराम. फार अवघड नाव नाही. जा, आणि घे.

अक्का